लाइनीत साचलेलं पाणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघून पहिलीत गेल्यासारखं वाटतंय. उजवा हात बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये, मान आणि जबड्याची उजवी बाजूही. दवाखान्यातून काल घरी सोडलं. डोळे वाचले. हे सगळेजण मला इतक्या वेळा सांगतात की जणू मी डोळे चोरून आणलेत.

वही नवऱ्याकडून मागून घेतली. म्हणाला, "लिहू नकोस गं, ताण येईल." म्हटलं, न लिहून जास्त येईल.

झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. डेअरीत पहिली पाळी, बॉयलर हाउस माझ्याकडे. बॉयलरची वाफ नव्या शेडकडे सोडायची होती. ती लाइन दोन दिवस बंद होती. मुख्य झडप मी नेहमीसारखी उघडली — केसभर. थांबले. आणखी केसभर. तेवढ्यात पाइपात आतून कोणी घण मारावा तसा आवाज. मी झडप बंद करायला घेतली, तर दुसरा ठोका. माझ्या शेजारचा जोड फुटला. पुढचं पांढरं-पांढरं आठवतं, आणि फिटरचा आवाज — "मॅडम, खाली बसा! खाली!"

केसभर उघडली होती. हे मी मरेपर्यंत सांगणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रेसिंग. सिस्टर हाताने हलकी, जिभेने फटकळ. म्हणाली, "ओरडायचं असेल तर ओरडा, इथे कोणी गाणं ऐकायला आलेलं नाही." नाही ओरडले. नंतर घरी बाथरूमचा नळ सोडून ओरडून घेतलं.

संध्याकाळी सासूबाई चहा टाकत होत्या. मी ओट्यापाशी खुर्ची ओढून बसले. जरा वेळाने त्यांनी विचारलंच. "वाफच होती ना गं? पाणी तर नव्हतं. वाफ म्हणजे हवाच की. मग एवढं कसं भाजलं?"

मनात आलं, सगळ्यांनाच हे वाटत असणार. नुसती वाफ!

"आई, किटलीच्या तोंडाशी बघा," म्हटलं. "तोंडाला लागून बोटभर जागेत काही दिसत नाही ना? ती खरी वाफ. पुढे पांढरं दिसतं ते तिचं परत पाणी झालेलं, बारीक थेंब. गार पाण्याला उकळी यायला जेवढा जाळ लागतो, त्याच्या पाच-सहा पटींहून जास्त जाळ ते सगळं पाणी आटून वाफ व्हायला लागतो. आणि तेवढ्या वेळात पाणी मुळीच जास्त तापत नाही. तापमापी घालून बसलात तरी काटा हलायचा नाही."

"मग तो जाळ जातो कुठे?"

"वाफेत. दडून बसतो. आणि वाफ गार गोष्टीला लागली की तिचं पाणी होतं आणि सगळाच्या सगळा बाहेर पडतो. तिथल्या तिथे."

त्यांनी गॅस बंद केला. "गार गोष्ट म्हणजे तू."

"मी."

मग बराच वेळ त्या कपबश्या पुसत राहिल्या. कोरड्याच होत्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आरशावर कोणी तरी टॉवेल टाकलाय. काढला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठे साहेब, म्हणजे डेअरीचे मॅनेजर, येऊन गेले. सफरचंदं, केळी, आणि एक कागद. फळं टेबलावर ठेवली, कागद मांडीवर. आधी बॉयलर हाउसमधल्या सगळ्यांच्या आठवणी सांगून झाल्या — तुमच्याशिवाय करमत नाही, वगैरे. करमत नाही! मी तिथे असताना या माणसाने बॉयलर हाउसच्या दारात पाय ठेवलेला मला आठवत नाही.

मग कागद. "औपचारिकता आहे हो." वाचला. 'मुख्य झडप घाईने उघडली गेल्यामुळे' असं त्यात दुसऱ्याच ओळीत. खाली माझं नाव आणि सहीची जागा. सही झाली की उपचार चालू राहतील आणि बरी झाल्यावर मला स्टोअरमध्ये बसवतील. "सावलीत काम. वाफ नाही, धूर नाही. तुमच्याच भल्याचं."

मी म्हटलं, "झडप घाईने उघडलेली नाही."

"आता ते कोणी बघितलंय?"

"मी बघितलंय. मीच उघडत होते."

हसले. म्हणाले, "डाव्या हाताची सही पण चालेल."

या वाक्यावर माझ्या मनात काय काय आलं ते या वहीतही लिहीत नाही. एवढंच म्हटलं, "साहेब, डाव्या हाताने मी आता बरंच काही करते, पण हे नाही." कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रे तसाच घेऊन आत गेल्या. साहेबांना चहा मिळाला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण. नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवतो, आवाज कधी चढवत नाही. आज चढवला.

"सही करून टाक. मला ती डेअरी नको, ती झडप नको, मला तू पाहिजेस."

"मी आहेच की."

"अर्धी आहेस!"

बोलून गेला आणि स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि मारायचंही होतं. एका हाताने दोन्ही जमत नाही.

सासूबाई मध्ये पडल्या. पण माझ्या बाजूने नाही. "तो काय चुकीचं बोलतोय? बाईमाणसाने असल्या ठिकाणी कशाला जायचं? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. घरी बस. काही बिघडत नाही."

मी म्हटलं, "आई, मी सही केली तर उद्या तिथे जो उभा राहील त्याला पण हेच होणार. कारण त्या लाइनीत काहीतरी गडबड आहे, माझ्या हातात नाही."

"दुसऱ्याचं दुसरा बघेल."

तेच तर. कोणीच बघत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पडल्या-पडल्या लाइन डोक्यात चालत जाते. बॉयलरपासून सरळ, मग वर, भिंतीतून पलीकडे, मग नव्या शेडच्या कोपऱ्यात खाली वळण. तिथे सगळ्यात सखल. वाफ बंद असते तेव्हाही झडपेतून थोडी झिरपतेच, गार पाइपात तिचं पाणी होतं, ते उतरून तिथे साचणार. म्हणून तर त्या वळणाला खाली ड्रेन दिलेला असतो — साचलेलं पाणी सोडून द्यायचा नळ. आधी ड्रेन उघडायचा, पाणी काढायचं, मग वाफ सोडायची. शेड बांधताना नकाशात मी स्वतः तो दाखवला होता. आणि पाळीवरच्या फिटरने त्या सकाळी मला 'ड्रेन झाला' म्हणून सांगितलं होतं!

पाणी साचलेलं असेल तर वाफ कितीही हळू सोडा. गार पाण्याला वाफ लागली की तिचं एका क्षणात पाणी होतं. कपाटभर वाफेचं तांब्याभर पाणी. म्हणजे कपाटभर जागा एकदम रिकामी. ती भरायला दोन्हीकडचं पाणी धाव घेतं आणि धडकतं. तोच घणाचा आवाज. तो आवाज मी ऐकलाय. घाईचा नव्हता तो. पाण्याचा होता.

नवऱ्याला म्हटलं, फिटरला निरोप दे. येऊन जा म्हणावं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फिटर आला. वयाने माझ्या वडिलांएवढा, आणि मला कामावर लागल्यापासून 'मॅडम'च म्हणतो. बूट बाहेर काढून ठेवले, तरी पाय पुसतच आत आला. माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघून तब्येत विचारली.

"कुठला ड्रेन उघडला त्या दिवशी?" मी सरळच विचारलं.

"बॉयलरच्या बाजूचा."

"आणि वळणावरचा?"

त्याने पुन्हा पाय पुसले.

"वळणावरचा ड्रेन उघडला होता की नाही?"

"मॅडम, वळणावर ड्रेन नाहीये आता."

तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा, म्हणाला. दुधाच्या पिशव्या भरण्याचं नवीन मशीन आलं, ते कोपऱ्यात बसेना. ड्रेनचा पाइप आडवा येत होता. मोठे साहेब म्हणाले, कापा. "कापला, टोपण बसवलं, वरून कापड गुंडाळलं पहिल्यासारखं. मॅडमना मी सांगतो म्हणाले. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

"लेखी काही?"

"तोंडी."

"चौकशीत सांगशील हे?"

तो बाहेर बुटांकडे बघत राहिला. "निवृत्तीला थोडंच राहिलंय हो. मुलीचं शिक्षण चालू आहे."

"मी काय करू मग?"

"काय सांगू," म्हणाला. आणि गेला. चहा घेतला नाही.

त्याचा राग येत नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला? येतो. खूप येतो. त्यानेच मला फरफटत बाहेर ओढलं होतं, पाण्याची नळी हातावर धरून उभा राहिला होता, स्वतःची चामडी भाजेपर्यंत. तरीही येतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मानेचं बँडेज निघालं. सासूबाईंनी स्कार्फ काढून ठेवला होता, निळा, गळ्यापर्यंत येणारा. नवऱ्याने तर उंच कॉलरचा स्वेटर आणलाय. या उकाड्यात! दुकानदार त्याला काय समजला असेल देव जाणे.

काहीच न घालता भाजी आणायला निघाले. सासूबाई सोबत आल्या, पण दहा पावलं पुढे. रांगेत एक छोटी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईने तिचं तोंड फिरवलं. मीच खाली वाकले.

"काय झालं?" पोरीने विचारलं.

"वाफेने भाजलं."

"दुखतं?"

"दुखतं. आणि खाज पण येते, पण खाजवायचं नाही."

"मला गुडघ्याला तसंच झालेलं," म्हणाली आणि गुडघा दाखवला. आम्ही दोघींनी गुडघा नीट बघितला.

परत येताना सासूबाई म्हणाल्या, "लोक बघत होते."

"बघू देत. माझं काही चोरीला गेलेलं नाही."

"तुला लाज नाही वाटत?"

"लाज ज्याला वाटायला पाहिजे तो केळी देऊन गेला."

यावर त्या हसल्या की खोकल्या कळलं नाही. पण नंतर पुढे चालल्या नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बॉयलर तपासणी खात्याकडे अर्ज केला. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणाला विचारूनही नाही. डाव्या हाताने लाइनीचं चित्र काढायला बसले तर पाइप गांडुळासारखा आला. तीन कागद फाडले. नवरा दारात उभा राहून बघत होता. मग काही न बोलता आत आला, पट्टी घेतली, पेन्सिलला टोक केलं.

"सांग."

मी सांगत गेले, तो काढत गेला. वळण, उतार, भिंत. भिंगं घासणारा हात आहे, रेघ कशी केसासारखी येते. वळणाच्या खाली मी म्हटलं, इथे ड्रेन होता. त्याने तिथे तुटक रेघा काढल्या.

"पाणी इथे साचणार?"

"हो."

"आणि त्यांना हे कळत नव्हतं?"

"मशीन बसवायचं होतं."

पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "त्या दिवशी मी अर्धी म्हणालो ना."

"म्हणालास."

"मूर्खपणा होता."

"होता."

अर्जावर सही केली. डाव्या हातानेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या साहेबांचा फोन. आवाजात साखर नव्हती आज. "घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला?" डेअरी म्हणजे घर! म्हटलं, घर असतं तर मला न सांगता पाइप कापला नसता. फोन त्यांनी ठेवला, मी नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौकशी. इतक्या दिवसांनी गेटमधून आत गेले. बॉयलरचा आवाज पायाला लागला आणि मी गेटची जाळी धरली. कोणाला दिसलं नाही.

तपासनीस बाई आल्या होत्या. उन्हाने रापलेल्या, पायात सुरक्षेचे बूट, बोलणं मोजून-मापून. ऑफिसात सगळे बसले. मोठे साहेब कागद वाचू लागले — अनुभवी असूनही, दुर्दैवाने, घाईने. बाईंनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, मी सांगितलं. मग फिटरला.

"वळणावर ड्रेन आहे?"

फिटर उभा. हातात टोपी. मोठे साहेब त्याच्याकडे बघतायत. त्याने टोपीची घडी केली, पुन्हा उलगडली.

मीच म्हटलं, "बाई, बोलण्यात कशाला वेळ घालवायचा? लाइन त्या दिवसापासून बंद आहे. जाऊन बघू."

गेलो. नव्या शेडच्या कोपऱ्यात मशीन, त्याच्या मागे वळण. पाइपावरचं कापड सगळीकडे धुळीने काळं, वळणापाशी तेवढं नवीन, पांढरं. बाईंनी बोट लावून बघितलं. "हे सोडा." कापड निघालं. खाली बोटभर लांब पाइपाचा तुकडा आणि त्यावर टोपण.

लाइनीत दाब नाही हे त्यांनी स्वतः खात्री करून घेतलं, मग टोपण ढिलं करायला सांगितलं. फिटरच पुढे झाला. पाना लावला. आधी थेंब, मग धार. तांबूस, गंजाचं पाणी. बादली लावली. बादली भरली. दुसरी लावावी लागली.

मोठे साहेब म्हणाले, "हे जुनं काम आहे. मी येण्याच्या आधीचं."

तेव्हा फिटर पाना हातात धरूनच वळला. "नाही साहेब. शेडच तुम्ही आल्यावर बांधली. टोपण मी बसवलं. तुम्ही इथेच उभे होतात." मग माझ्याकडे बघितलं, अपघातानंतर पहिल्यांदा, सरळ चेहऱ्याकडे. "मॅडमना सांगतो म्हणालात. मॅडमना कोणी सांगितलं नाही. मी पण नाही."

घरी येऊन तासभर झोपले. इतकी गाढ किती दिवसांत झोपले नव्हते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खात्याचं पत्र आलं. ड्रेन पुन्हा बसवायचा, मशीन हलवायचं, तोवर लाइन बंद. तो 'घाईने' वाला कागद डेअरीने मागे घेतला. मोठ्या साहेबांची बदली मुख्य कार्यालयात. वरच्या मजल्यावर, म्हणे. अशा माणसांना खालचा मजला कधी मिळत नाही.

फिटरला काढलेलं नाही. मी मालकांना स्पष्ट सांगितलं होतं — तो गेला तर मी पुन्हा अर्ज लिहीन, आणि आता चित्र काढायला माझ्याकडे माणूस आहे.

मालकांनी विचारलं, "पहिल्यांदा लाइन सोडायची तेव्हा कोण उघडेल झडप?"

"मी."

"गरज नाहीये हो. दुसरं कोणीही—"

"मीच."

घरी सांगितलं तर सासूबाईंनी लाटणं आपटलं. तेव्हापासून बोलत नाहीयेत. न बोलण्यातही फोडणी ऐकू येते.

१२ मार्च, बुधवार

उद्या. हातावर घट्ट मोजा, कातडी गुलाबी, चकचकीत, दुसऱ्या कोणाची तरी वाटते. मूठ पाऊण मिटते. चाक फिरवायला पुरे आहे, सकाळपासून दाराच्या मुठीवर सराव करते आहे. नवरा म्हणाला, "मूठ उपटून हातात येईल."

सिस्टर म्हणाली, "एवढी काय खुमखुमी आहे तुम्हाला?" म्हटलं, माझ्या नावावर घाई लिहिली होती. सगळ्यांसमोर केसभर उघडून दाखवणार. बघू देत सगळ्यांना. येऊ देत मालकांना, येऊ देत त्यांच्या सावलीतल्या स्टोअरला!

१३ मार्च, गुरुवार

सगळे जमले होते. मी झडपेसमोर उभी राहिले आणि हात वर गेला नाही.

मनाने सांगितलं, हात ऐकेना. वाट बघितली. सगळेच बघत होते. शेवटी मोठ्याने म्हटलं, "मला भीती वाटते. मी नाही उघडत." फिटरने चाक धरलं. मी लांब ड्रेनपाशी जाऊन उभी राहिले. आधी पाणी, मग थुंकत थुंकत पाणी आणि वाफ, मग नुसती कोरडी वाफ. "उघड पुढे," म्हटलं. पाइपाने आवाज केला नाही.

घरी येऊन सांगितलं, सोडते नोकरी. तुमचंच बरोबर होतं.

सासूबाई पंधरा दिवसांनी बोलल्या. "एवढे दिवस आमच्याशी भांडलीस ती कशाला मग?" थोड्या वेळाने खोलीच्या दारात आल्या. माझा गणवेश इस्त्री करून हातात होता. "उद्या मी येते तुझ्याबरोबर. कुठे उभं राहायचं ते मला दाखव."

इस्त्रीही वाफेची. मी भाजल्यापासून त्यांनी तिला हात लावलेला नव्हता.